पाचवं शील

रात्री नऊला ओट्यावर हातातला आरसा आडवा ठेवते,
कडा उडालेला. त्यावर गोळी,
गोळीवर दाढीचं ब्लेड,
ह्यांच्या वेळचं एक पाकीट अजून संपलं नाही.
अर्धी. मग अर्ध्याची अर्धी.
भुगा उरतो तो बोटाने टिपते
आणि आरशात दिसते
जीभ बाहेर काढलेली कोणी बाई.

अकरा वर्षं.
ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या रात्री दिली होती पहिली.
पंधरा दिवस घ्या, झोप लागेल.
लागली.
सोळाव्या दिवशी कोणी विचारलं नाही, मीही नाही.
कडबी चौकातला मेडिकलवाला चिठ्ठी न बघता
काढून ठेवायचा माझी पट्टी,
पाव किलो चहापत्ती काढून ठेवावी तशी.

आणि दर रविवारी विहारात पांढरी साडी नेसून
म्हणत होते सगळ्यांसोबत पाचवं शील,
नशेच्या वस्तूंपासून दूर राहीन.
खणखणीत. माझा आवाज चांगला आहे,
टेलिफोन एक्सचेंजमध्ये बावीस वर्षं याच आवाजाने
सांगितलं लोकांना, थांबा, लाइन व्यस्त आहे.

मागच्या जूनमध्ये तो शब्द घशातच बसला.
घरी आले, सगळ्या पट्ट्या नालीत टाकल्या.
तिसऱ्या दिवशी आधी बोटं, मग जबडा, मग अख्खी मी
थरथरत होते कुलरच्या पत्र्यासारखी.
मेयोत पिंपळापुरे मॅडम ओरडल्या,
"एका दिवसात अर्हत व्हायचं होतं का तुम्हाला?
जिन्यावरून उडी मारतं का कोणी?
महिन्याला एक पायरी. तीही मी सांगेन तेव्हा."

तेव्हापासून उतरते आहे.
कातडीखाली मुंग्या.
शेजारी सोमकुंवर काकूंच्या घरी वाटी पडली
की ती माझ्या दातांत पडते.
रात्री दोनला इतवारीला मालगाडी जोडतात,
तो धक्का एकेक डबा करत
पाठीच्या कण्यातून जातो, शेवटचा डबा डोक्यात थांबतो.

भन्ते म्हणाले, श्वास बघ.
बघितला.
श्वासामागे छाती, छातीमागे धडधड,
धडधडीमागे ते, ज्याच्यासाठी गोळी होती.
उठून पळाले, चप्पलसुद्धा तिथेच राहिली.
दुसऱ्या दिवशी चपलांपाशीच भेटले ते. म्हणाले,
"श्वास राहू दे सध्या. डोळे उघडे ठेव.
फरशी पायाला गार लागते का, एवढंच सांग."

गार आहे.
रात्रभर मी एवढंच सांगत बसते.
गार आहे. अजून गार आहे.
आता माझ्यामुळे कोमट झाली.
पाय थोडे सरकवते. गार आहे.
याला ध्यान म्हणतात का, माहीत नाही.
आमच्यात मागायची रीत नाही, मागायला वर कोणी नाही,
तरी पहाटे तीनला "गार आहे" म्हणताना
आवाज मागितल्यासारखाच निघतो.
निघू देते.

एप्रिल. आता अर्ध्याच्या अर्ध्याची अर्धी,
ब्लेडलाही धड दिसत नाही.
रविवारी विहारात कुलरच्या वाळ्यावर नुकतं पाणी मारलं होतं.
दुसरं शील म्हटलेलं आठवतं.
तिसऱ्याला खांब पाठीला लागला.

जागी झाले तेव्हा पोरं सतरंज्या गुंडाळत होती,
माझ्याखालची तेवढी सोडून.
पदरावर लाळेचा डाग.
काकू बाजूला बसून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या.
"बोरकर उठवून राहिला होता तुले.
मी म्हटलं, राहू दे ना बाप्पा,
तिचं पाचवं मी म्हणून टाकते."

म्हणालात?
"म्हटलं ना. दोनदा."

घरी डबीत अजून एकोणीस तुकडे आहेत.
काकूंना माहीत आहे की नाही, विचारलं नाही.
चप्पल हातात घेऊन अंगणात उतरले.
पोळतंय, म्हटलं.
पोळतंय.