रिकामी खुंटी

पहिला क्रमांक माझा.
म्हणून काही मी घराण्याचं मूळ नव्हे.
त्या नोव्हेंबरात, चारलाच काळोख झालेला,
संगणकासमोर बसले
आणि पहिलं नाव आठवलं ते माझंच. तैमी.
दुसरा ओल्ली, नवरा म्हणून.
आई तिसरी, बाप चौथा,
पणजोबांचे पणजोबा बाराशेच्या पुढे कुठेतरी,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे दाराशी ताटकळत.
आधी कळस, मग पाया.

लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षं मी पगारपत्रक लिहिलं.
तिथे आकडा म्हणजे ज्येष्ठता.
पितळी बिल्ला जितका झिजलेला
तितका माणूस जुना.
या सॉफ्टवेअरला थोरला-धाकटा कळत नाही:
ज्याची नोंद आधी, त्याचा नंबर आधी.
आजोबांच्या पुढे नातू खुशाल बसतो.
फार चिडले होते मी.

भाची म्हणाली, सुवी,
"मावशी, तो मान नाही गं. खुंटी आहे.
कोट कुणाचा कुठे, एवढंच."

ते पटलं इसाक्कीमुळे.
आमच्या नदीकाठी पूर्वी आडनाव माणसाचं नसे,
शेताचं असे.
लेहतोलात जन्मला, तो इसाक्की लेहतोला.
हाक्सुओला घरजावई गेला, झाला इसाक्की हाक्सुओ.
ती बाळंतपणात गेल्यावर नदी ओलांडून
डांबर गाळायला गेला, दुसरं लग्न केलं,
तर इसाक्की कांगास.
चर्चच्या वह्यांत तीन माणसं.
माझ्याकडेही तीन:
अठ्ठ्याऐंशी, दोनशे सहा, सातशे एकतीस.
जन्मतारीख एकच.
आणि तिन्हीकडे पाद्र्याच्या बारीक अक्षरात:
डाव्या पायाने लंगडा.

एका रात्री तिघांचा एक केला.
कोणता क्रमांक ठेवायचा, विचारलं गेलं.
अठ्ठ्याऐंशी, मी म्हटलं.
एका बटणासरशी अकरा मुलांना एक बाप मिळाला,
त्यातली काही
एकमेकांना कधी भेटलीसुद्धा नव्हती.

यादीत दोन भोकं राहिली.
सातशे तीस, मग एकदम सातशे बत्तीस.
गिरणीत असं भोक म्हणजे
करवतीखाली गेलेला कुणीतरी.
त्याचा बिल्ला वर्षभर आम्ही दुसऱ्याला देत नसू.
असा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

एक सोय आहे मेनूत: सर्वांना नव्याने क्रमांक द्या.
सुवी म्हणते, दाब की, सगळं ओळीत येईल.
पण चारशे फोटोंच्या पाठीवर
मी पेन्सिलीने हेच आकडे घातलेत.
इकडे माणसं सरकली
तर तिकडे चेहरे परके व्हायचे.
नाही दाबलं.

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ तडकत असताना,
सुवीला मुलगी झाली. पिह्ला.
नवी नोंद उघडली
तर सॉफ्टवेअरने आपणहून सर्वांत लहान रिकामा आकडा दिला.
दोनशे सहा.

बराच वेळ बघत बसले.
बदलता आला असता.
पण वर्ष केव्हाच उलटलं होतं.

वजन लिहिलं, तीन किलो चारशे.
आडनावाचा रकाना
सुवीला विचारायचा म्हणून
तसाच ठेवला.