समासातल्या नोंदी

रात्री तीनला पाणी आलं. पाचव्या दिवसाचं.
दोन पिंपं, चार घागरी, ॲसिडची एक जुनी बरणी,
नऊ वेळा धुतलेली, मोजून.
भरता भरता नाकालाच कळतं,
आज क्लोरीन सढळ हातानं पडलंय.
जिन्यातून अंबक्का म्याकल विचारते,
"चांगलं हाय का ओ पाणी?"
मी म्हणते, तपासल्याशिवाय कसं सांगू,
साधारण शून्य पूर्णांक आठ असावं.
"आकडा नको ओ. हाय का नाय, तेवढं सांगा."

हो आणि नाही यांच्या मधल्या बोळात
पंचवीस वर्षं माझी नोकरी आहे.

अक्कलकोट रोडच्या नाल्यावरून
इरण्णा बाटल्या घेऊन येतो, रुमाल नाकाला.
निवडणूक आहे. चादरी थांबल्यात, झेंडे चालू.
सोमवारी भगवा, मंगळवारी हिरवा, बुधवारी निळा.
मीठ तेच, सोडा तोच, बॉयलर तोच,
बॉयलरपाशी उघड्या अंगाचे जब्बारभाई तेच.
गुरुवारी नाल्याला एकच रंग:
शिळ्या चहाचा.

पहिली कुपी यंत्रात ठेवते.
चारशे नव्वदवर शिखर.
म्हणजे भगवा. निळा उजेड गिळून
जो उरला, तो आपण डोक्याला बांधतो.
आणि निळा? त्याच्या पोटात नारिंगी.
कापड जे ठेवून घेतं ते दिसत नाही.
जे परत करतं, त्याची मिरवणूक निघते.
हे समासात लिहिलं.
अहवालात यासाठी रकाना नाही.

पत्रकाराचा फोन. विहिरीचं पाणी धोक्याचं आहे का, मॅडम,
एका वाक्यात?
मी चार वाक्यं देते, त्यातली दोन 'परंतु'नं सुरू होणारी.
सकाळी एका पेपरात: धोका नाही.
दुसऱ्यात: धोका.
दोन्हीकडे माझा फोटो तोच, डोळे मिटलेला.

मेहुण्यांचा मेसेज: आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं.

माझ्या वडिलांना नव्हतं.
रंगाच्या कढईवर कोपर धरून ते ताप सांगायचे,
जिभेवर थेंब घेऊन मीठ.
चुकायचेही. चुकलेला माल घरी यायचा,
आम्ही भावंडं चुकलेल्या चादरींत वाढलो,
एकीचा मोर अर्धा जांभळा.
नवी पुडी फोडताना मालक विचारायचा, जमेल का?
वडील तेलुगूत म्हणायचे, चूद्दाम.
बघू या.
पुढे मी जे शिकले, पदव्यांसकट,
ते या एका शब्दाच्या आसपासचं.

रेशनच्या दुकानात मशीन अंबक्काचा अंगठा घेत नाही.
चाळीस वर्षं विड्या वळल्या,
तेंदूच्या पानानं रेषा नेल्या.
मी मशीनवाली, म्हणून मला घेऊन जाते.
कोमट पाणी, ग्लिसरीन, दाबून, हलकेच, पाच वेळा.
दुकानदार भला माणूस. "सर्व्हर डाऊन आहे" म्हणाला.
सर्व्हर चालू होता.
वाटेत मी तिला घर्षण समजावलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
"मंजे मी न्हाई का?"

परीक्षेत हा प्रश्न कुणी काढत नाही.

मतदानाच्या दिवशी बेचाळीस अंश.
शाळेच्या पटांगणात आम्ही दोघी, डोक्यावर पदर, एकच बाटली.
बोटावर शाई. सिल्व्हर नायट्रेट.
त्याला रेषा लागत नाहीत.
कातडीवरचं मीठ पुरतं, आणि ऊन,
आणि या दोन्हींची आमच्या गावात टंचाई नाही.
संध्याकाळी जिन्यात तिनं बोट पुढे केलं,
काळंभोर.
"बघा, तुमचं फिकं पडलंय."
फिकं का पडलं ते मला माहीत होतं.
सांगितलं नाही.

नमुना सतरा: आकडा पटत नाही, पुन्हा तपासणे.
पाणी: शनिवारी, रात्री तीन. आलं तर.