डावं दार

राऊ मागे पडलं की कंपनीच्या बसमध्ये डबे उघडत,
पोह्यांवर शेव पडे, एकच लिंबू सगळीकडे फिरे.
एकोणीस वर्षं.
मी डावं दार बसवायचो. उजवं भेरूलाल.

मधून गाडी सरकायची, बिनकाचेची, बिनसीटची,
आणि दोन खिडक्यांच्या चौकटींतून
मला त्याचा चेहरा दिसायचा, छातीपर्यंत.
चार मिनिटांनी पुढची गाडी, तोच चेहरा.
कधी पांढऱ्या चौकटीत, कधी लाल,
एका दिवाळीला सोनेरी. त्या फारशा कुणी घेतल्या नाहीत.

बिजागरी, बोल्ट, रबर, आणि मग कान.
दार लावायचं नि ऐकायचं.
धप् म्हणजे बरोबर. खण्ण म्हणजे पुन्हा उघड.
ओसाकाहून आलेले साहेब सहा महिने एवढंच शिकवत होते,
भाषा येत नव्हती, ओठांनीच धप् करून दाखवत.
आम्ही हसायचो.
पुढे नव्या पोरांना आम्हीही ओठांनीच शिकवलं.

पहिल्या गाडीला झेंडूचा हार होता, तिचा फोटो निघाला.
शेवटची, शेवटची आहे हे कुणाला ठाऊक?
गुरुवार होता. मी तिचं दार दोनदा लावून पाहिलं, उगाच.
शुक्रवारी फाटकावर नोटीस, आणि खाली न लागणारी सही.

मग तंबू, युनियनचे दोन तट, तारखांवर तारखा.
कामगार कोर्टात पंखा फिरायचा,
वकील फिरकायचा नाही.
कन्व्हेयरची साखळी किलोवर गेली.
पेंट शॉपमध्ये आता लसूण भरतात;
पहारेकरी सांगतो, पावसाळी हवेत
अजूनही थिनर जिंकतो.

त्या तंबूतच मी भेरूलालला पहिल्यांदा अख्खा पाहिला.
तो सागोरहून सायकलीने यायचा, जेवणाची पाळी वेगळी.
उभा राहिला, तर माझ्या खांद्याला.
म्हणजे एकोणीस वर्षं
पायाखाली लाकडी पाट घेऊन
तो माझ्या डोळ्याला डोळा देत होता.

परवा मुलीच्या लग्नासाठी मला न्यायला आला.
गाडी मेव्हण्याची. आमचीच, सोनेरी,
बोनेटवर पोपडे धरलेली.
तो उजवीकडून शिरला, मी डावीकडून.
इतक्या गाड्या झाल्या, पण दोघं
आतून कधीच भेटलो नव्हतो.
त्याचं दार, धप्.
माझं, खण्ण.

"जोरात ओढा, भिया," तो समोर बघतच म्हणाला,
"रबर गेलंय."