नमुना एकोणीस

बाहेर शेचाळीस. अमरावती रोडचं डांबर
चपलेला धरून ठेवतंय.
आत पेशींसाठी सदतीस, कायम सदतीस.
इन्व्हर्टरवर माझ्या पंख्याच्या आधी त्यांचा नंबर.
मे महिन्यात नागपुरात
एवढ्या गारव्यात राहणारं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

कुणाच्या तरी जिभेवरून आल्या या.
तो माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली,
त्याचं नाव बाटलीवर नाही.
कॅन्सर मात्र त्याचा जिवंत आहे.
निम्म्या पेशी मी काढून टाकते,
दोन दिवसांत घर पुन्हा भरलेलं.

साल देवलापारच्या पुढून आली,
कौतिकाबाई मडावींनी गोणपाटात बांधून दिली.
म्हणाल्या, उगवतीकडची आहे,
झाडाला विचारून काढली,
न विचारता काढली तर गुण येत नाही.
नोंदवहीत मी लिहिलं: वजन, तारीख, ओलावा.
विचारल्याचा रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिलं.
गाईडनी ते पाहिलं, खोडलं नाही.

सावलीत वाळवली, दळली, भिजवली, गाळली, आटवली.
सहा किलो सालीचा शेवटी
काकवीसारखा चमचाभर चिकटा.

शहाण्णव खड्डे, नखाएवढे.
त्यांत थेंब थेंब पिवळं टाकायचं.
पेशी जगली असेल तर ती पिवळं गिळते
आणि जांभळं करून दाखवते.
मेली असेल तर पिवळं पिवळंच राहतं.
म्हणजे आमच्याकडे पिवळं ही चांगली बातमी.
हे आईला समजावताना
हळदीचा विषय निघतो आणि सगळं बिघडतं.

मंगळवारी चौथी ओळ सबंध पिवळी आली.
मी ओरडले असणार,
कारण निमजे आले धावत,
हातात परीक्षानळीचा ब्रश, कोपरापर्यंत फेस.

निमजे काचसामान धुतात, बावीस वर्षं.
त्यांच्या मुलाचं तोंड आता दोनच बोटं उघडतं.
खर्रा. आठवीपासून,
शाळेच्या भिंतीमागं पन्नीत घोटून घोटून.
यंदा गालात गाठ निघाली.

ते प्लेटकडे बघत राहिले,
दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये तसं.
"मेल्या न मॅडम साऱ्या?"
मेल्या.
"मंग जे उरलं असन थे देऊन द्या न. थोडकंच."

मी म्हटलं, निमजे, रॉकेलनं पण मरतात या.
फिनाइलनं मरतात.
दाराबाहेर उन्हात ठेवल्या तरी मरतील.
यांना मारणं अवघड नाही हो,
शेजारचा जगला पाहिजे.

शेजारची प्लेट अजून पाहिलीच नव्हती.
तिच्यात साध्या पेशी,
कुणाच्या तरी धडधाकट हिरडीच्या.
दोघांनी मिळून ती खिडकीच्या उजेडाला धरली.

चौथी ओळ पिवळी.
तिसरी पिवळी.
निमजेंनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे दुसरी जांभळी हाय."
वाटतंय, मी म्हटलं, उद्या मशीन आकडा सांगेल.
"जांभळीच हाय. वाचल्या म्हंजे."

पहिल्या प्लेटची दुसरी ओळही जांभळीच होती.
ते मी बोलले नाही.

त्यांनी परत काही मागितलं नाही.
मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं.
ते कुलूप मी कधी लावत नाही.
जिन्याच्या कोपऱ्यात कुणाची तरी ताजी लाल पिचकारी;
निमजे बादली घेऊन बसले होते.

कौतिकाबाईंना फोन लावला, आणखी सहा किलो हवी.
त्या म्हणाल्या, झाडाची जखम भरली नाही अजून,
आत्ता काय विचारू त्याला.

टेबलावर निमजेंचा अर्ज होता.
सोमवारपासून रोज अर्धा दिवस सुटी, सहा आठवडे.
कारण: घरगुती काम.