डावी काच

आप्पांची गाडी मी चार निवडणुका चालवली.
पहिलीला शिलाई मशीन चिन्ह, दोनशे सात मतांनी पडलो.
पडलो म्हणजे आम्ही;
तेव्हा मी असंच म्हणायचो.

दुसरीला, तिसरीला गुलाल.
नऊ सिटांच्या गाडीत चौदा माणसं,
गियरवर कुणाचा तरी गुडघा.
पुढची डावी काच कधी वर गेलीच नाही.
हात बाहेर, हात वर, हात बाहेर,
वैशाखातली लग्नं, मारवड ते बेटावद.
नागपूरच्या अधिवेशनात शाल पांघरली तरी
उजव्यापेक्षा डावा हात काळाच दिसायचा.

चौथीची मोजणी अकराव्या फेरीला सोडून निघालो.
मागची सीट रिकामी, खडखडत होती.
आप्पांनी काच वर करायला घेतली.
हँडल फिरेना.

पातोंड्याच्या फाट्यावर एक म्हातारी, एसटी चुकलेली.
“थांबव,” म्हणाले.
ती मागे बसली, पिशवीतली वांगी सावरत.
“कोना आंडोर शे रे तू?”
आप्पा जरा थांबले.
“रामदास टेलरना.”
“आरे बाप! मन्ह्या चोळ्या तोच शिवे.
मंग हाई गाडी कोनी शे?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.
मी गियर बदलला.