बेरजेचा रकाना

कादवेच्या काठी, निफाडच्या अलीकडे,
सकाळी सव्वासात.
बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
मग तोंड प्रवाहाकडे करून बुडवायची,
बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही.
झाकणावर लिहायचं: क-७, तारीख, छाटणीनंतरचा दिवस एकोणिसावा.
नदीचे दिवस सध्या आम्ही असेच मोजतो,
गोडी छाटणीपासून.

पलीकडच्या बागेत ब्लोअर चालू आहे.
रात्रभर दव होतं, डावणीची धास्ती.
पांढरा धूर पानांवर बसतो,
बसला नाही तो वाऱ्याबरोबर जातो,
आणि टाकी धुतलेलं पाणी
चारीचारीनं खाली येतं, कुणाला न सांगता.

बुधा गांगुर्डे जाळं उलगडत म्हणाला,
"बाई, झिंगे आधी जातात.
मंग खेकडे. मरळ सगळ्यात शेवटी,
तिला काय, ती चिखलातबी जगती.
तुमच्या मशीनला कळायच्या आधी
माझ्या पाटीला कळतं."
मी वहीत लिहिलं: स्थानिक निरीक्षण, असत्यापित.
त्यानं विचारलं, काय लिहिलं?
मी म्हटलं, तुमचं नाव.

आई हंडा बुडवण्याआधी निवळ्या बघायची.
काळ्या, तुकतुकीत, पाण्यावर गरगरणाऱ्या.
त्या फिरत असल्या की पाणी निवळ.
किड्यावरून शब्द आला की शब्दावरून किडा,
कुणास ठाऊक.
आज पाऊण तास बसले.
शब्द तेवढा आहे.

नाशिकला, गंगापूर रोडच्या तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या पात्रात वीस जलपिसवा.
दिसतील न दिसतील एवढ्या,
पोटातली अंडी मात्र आरपार दिसतात.
अठ्ठेचाळीस तास.
पात्र हलकेच हलवायचं, पंधरा सेकंद थांबायचं.
जी पोहत नाही तिला मेली म्हणायचं नाही,
अचल म्हणायचं.
शेजारच्या स्वच्छ पाण्यात वीसच्या वीस उड्या मारतायत.
क-७ मध्ये चौदा अचल.

मग भागाकार.
पाण्यात सापडलं ते, भागिले सोसवेल ते.
एकाच्या वर गेलं तर जोखीम,
आत राहिलं तर नाही.
पहिलं शून्य पूर्णांक चार.
दुसरं शून्य पूर्णांक सात.
तिसरं इतकं कमी की यंत्रानं नुसती रेघ मारली.
अशी अकरा औषधं, अकरा ओळी,
प्रत्येकीपुढे: जोखीम नाही.
चौदा अचल आहेत
आणि त्या कुणीच केलेल्या नाहीत.
बेरजेचा रकाना कुठाय, मी नाठे सरांना विचारलं.
ते चष्मा पुसत म्हणाले,
फॉर्म वरून येतो.

क-७ च्या वर, चार बांध सोडून, माझ्या भावाची बाग.
गेल्या फेब्रुवारीत दौलतचा फोन आला होता,
"ताई, रिपोर्ट क्लीन! माल चालला हॉलंडला."
खोटं नव्हतं ते. तो कोष्टक पाळतो,
काढणीआधी कुठलं औषध किती दिवस थांबवायचं,
भिंतीवर चिकटवलंय, देवाच्या फोटोशेजारी.
मण्यात कणभर जास्त निघालं तर
अख्खा कंटेनर अडतो.
नदी कुठल्याच कंटेनरात भरत नाही.
त्यानं आणलेली पेटी मी दोन दिवसांत संपवली,
उभ्यानंच, ओट्यापाशी, धुऊन. गोड होती.

आज पेन्सिलीनं समासात बेरीज मांडली.
दोन पूर्णांक नऊ.
पुन्हा केली. तेवढीच.
मग वही काढून 'असत्यापित' खोडलं
आणि तिथं लिहिलं, बुधा गांगुर्डे,
नदीवर बत्तीस वर्षं.
आकडा त्यानं सांगितला नव्हता,
पुढच्या मंगळवारी विचारून दुरुस्त करीन.

फोन वाजतोय. दौलत.
उचलला की आधी दवाचं विचारणार,
मग किती वाजता फवारणार ते,
आणि टाकी कुठे धुतोस, हे
कसं विचारायचं
याचा नमुना माझ्याकडे नाही.