बाग ताणावर आहे

बुधवारी चारला मी मोटारघरात येऊन बसते.
घरी सांगते, स्टार्टर पाहून येते.
डिसेंबरात मोटार बंद असते हे घरच्यांना ठाऊक आहे,
कोणी काही म्हणत नाही.
रेंज इथंच येते. खिडकीच्या गजाला मोबाईल टेकवला
की दोन कांड्या, कधी अडीच.

पडद्यावर सावंतवाडीच्या परबबाई.
भाचीनं शोधून दिल्या, पहिले तीन बुधवार तिनंच भरले.
त्यांच्या डोक्यावर पंखा फिरतो, माझ्या डोक्याला मफलर.
मध्येच त्यांचं तोंड थांबतं, आवाज पुढं निघून जातो,
मग तोंड धावत येऊन आवाजाला गाठतं.

पहिल्या दिवशी विचारलं, ताण कधीपासून आहे?
मी म्हटलं, नोव्हेंबर सरता सरता दिला.
भारी जमीन आहे, पन्नास दिवस तरी लागतील.
त्या गप्प. मग मीही.
मॅडम, वरुडकडं ताण म्हणजे संत्र्याचा.
पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात,
झाड जागच्या जागी थांबतं.
मग जानेवारीत एक दिवस हलकं पाणी सोडायचं
आणि वीसेक दिवसांनी अख्खी बाग पांढरी,
वास असा की रस्त्यानं जाणारा फटफटीवाला गिअर उतरवतो.
बरं, त्या म्हणाल्या, आणि तुमचा?

माझा कोणी कॅलेंडरवर लिहून ठेवला नव्हता.

सासूबाई अकरा वर्षं खाटेवर.
रात्री दोनला कूस बदलायची, पाठीला पावडर,
एक जखम होऊ दिली नाही.
तेरवीला बाया म्हणाल्या, सुटली माय.
आता दोनला जाग येते,
हात आपोआप पलीकडं जातो
आणि भिंत लागते.

मले गमत नाही, म्हटलं.
गमत नाही म्हणजे? करमत नाही?
तसंच, पण थोडं खाली.
बरगडीखाली हात ठेवून दाखवलं,
नेमकं तेव्हाच चित्र अडकलं.
त्यांना दिसलं की नाही, देव जाणे.
वहीत शब्द लिहून घेताना मात्र दिसल्या.

चौथ्या बुधवारचे पैसे मी भरले,
अंडी विकून साठवलेले.
म्हणून असेल, त्या दिवशी सांगितलं:
एका रात्री त्या हाक मारत होत्या
आणि मी जागी होते. उठले नाही. मोजत होते.
चाळीसपर्यंत मोजलं. मग उठले.
परबबाई म्हणाल्या नाहीत की होतं असं.
त्यांनी विचारलं, चाळीसच का?
ठाऊक नाही, म्हटलं,
आणि बराच वेळ दोघी
तिकडून इकडून त्या ठाऊक नसण्याकडं पाहत बसलो.

बाहेर श्रावण कुमरे कात्री चालवत होता.
वाळलेली काडी, हिरव्यापासून दोन बोटं आत घेऊन कापायची,
कापल्या जागी बोर्डो मलम.
हा कसला आवाज? बाईंनी विचारलं.
सल काढून राह्यले, म्हटलं.
त्या एकदम हळू झाल्या.
मला कळलं, त्यांना दुसराच अर्थ लागला.
मी सुधारलं नाही.

जानेवारीत थ्री फेजची पाळी रात्रीची लागली.
दोन वाजता.
ह्यांनी अलार्म लावायला मोबाईल घेतला.
राहू द्या, म्हटलं, मले जाग असतेच.
बॅटरी घेऊन गेले.
हिरवं बटण थंडीनं बसलेलं, दोनदा दाबावं लागलं.
पाणी पाइपात खोकलत आलं.
पहिल्या ओळीच्या आळ्यात पोचायला वेळ लागला त्याला,
तोवर उभी होते,
पायात ह्यांच्या चपला, एक अंगठा तुटलेली.

बुधवारी सांगीन परबबाईंना.
फुलाचं अजून काही सांगता येत नाही.
भारी जमीन आहे.